कोनाच्या डोयात टाकलं?

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या पार्लरवाल्या बाईंकडे कुणी विक्रेता नवी क्रीम घेऊन आला, की त्या भाव विचारत नसत. डबी बोटानं लांब सारून म्हणत, ‘‘आधी सांग, हे कोनाच्या डोयात टाकून पाह्यलं?’’ तो गोंधळून ‘‘हर्बल है, मॅडम,’’ म्हणे. बाई दाराकडे बोट दाखवत.

मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. सुरुवातीला मला हा तऱ्हेवाईकपणा वाटे. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यांनी सांगितलं. लग्नाआधी त्या दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत होत्या. काम एवढंच, ससे धरायचे. खोक्यातून सशाचं नुसतं डोकं बाहेर काढायचं आणि मान अडकवायची, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोचत नाही. मग एका डोळ्यात शाम्पूचा थेंब. दुसरा तसाच ठेवायचा, फरक कळायला.

‘‘दुसऱ्या दिवशी पापनी चिकटलेली राहे वं. उघडली का पू. अन् ससा ओरडत नाई. ओरडला असता तं मी कवाच पयून गेली असती.’’

सांगताना त्या पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

देशात अशा चाचण्यांवर बंदी आली, तेव्हा बाईंनी आजूबाजूच्या दुकानांत पेढे वाटले. शेजारच्या टेलरनं विचारलं, ‘‘काऊन, नातू झाला काय?’’

‘‘ससे सुटले,’’ बाई म्हणाल्या. टेलर पेढा हातात धरून बघतच राहिला.

पुढे त्यांच्या लेकीचं, मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा परदेशात नोकरीला. त्यानं तिकडून मेकअपची भलीमोठी पेटी आणली. बाईंनी त्या कंपनीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि वाचता वाचता त्यांचं तोंड कडू झालं. कंपनी तिकडे अजून जनावरांवर तपासतच होती.

‘‘आई, माह्या लग्नात मेकअप तूच कर. पन याच पेटीनं. त्यायनं किती हौसेनं आनली!’’

‘‘तुले मीच सजवीन. पन ही घान माह्या हातानं तुह्या तोंडाले लागनार नाई.’’

‘‘माह्यापेक्षा ससे मोठे झाले काय तुले?’’

बाई उठल्या. मोरीत जाऊन ओकल्या.

लग्न जाम गावाजवळच्या मंगल कार्यालयात होतं. मेकअपला वर्ध्याहून दुसरीच पार्लरवाली आली आणि तिनं ती पेटी उघडली. बाई नवरीच्या खोलीत गेल्या नाहीत, बाहेर खुर्चीवर बसून राहिल्या. बायका त्यांना ऐकू जाईल असं बोलत होत्या, ‘‘एवढी पार्लरवाली, अन् सोताच्या पोरीले हात नाई लावला!’’ मयूरी मांडवात आली तेव्हा सगळे तिच्या रूपाचं कौतुक करत होते. मला मात्र तिच्या पापण्यांवरची चमक पाहवेना.

पाठवणीच्या वेळी ती आईच्या खांद्यावर कोसळली आणि हमसून हमसून रडली. गाडी गेली. बाईंच्या साडीवर खांद्यापाशी काजळ, पावडर आणि लालीचा चिकट पट्टा उरला. त्यांनी तो चिमटीत धरून अंगापासून दूर केला, तोंड वाकडं केलं आणि त्या मागच्या नळाशी गेल्या. ओंजळ भरली.

‘‘द्या, मी धुते,’’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ‘‘किळस येऊन राह्यली वं. पन पोरीचे आसू बी यातच हायेत ना.’’

ओंजळीतलं पाणी त्यांनी तसंच खाली सोडून दिलं.