समोसे वाटणारी दहावी

रविवारी दुपारी कारेगावात आमच्या घरमालकीण काकूंच्या पुढच्या खोलीत चौघं टीव्हीसमोर बसायचो: काकू, त्यांचे सासरे आबा, माझ्या खोलीत राहणारी नांदेडची मैत्रीण आणि मी. आठवडाभराचे सगळे भाग त्या दिवशी लागोपाठ दाखवायचे. मालिका एका जुन्या काळातल्या शाळेची, दहावीच्या वर्गाची. सायकली, शाईचे डाग, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खोडलेलं नाव, असं सगळं. हसवायचीही आणि मधूनच रडवायचीही.

गप्प बसून बघायची, हे मात्र आमच्यात कुणालाच मान्य नव्हतं.

"हे पोरगं अभ्यास कवा करतंय?" आबा दर भागाला विचारायचे. "नुस्तं सायकलवर हिंडतंय."

"आबा, ती गोष्ट हाय," काकू म्हणायच्या. "पर मला एक सांगा, त्याची आई दिसभर चुलीपुढं, आन् साडीची इस्त्री मोडंना?"

मैत्रिणीला मागच्या बाकावरचा टवाळ मुलगा आवडायचा. तो पडद्यावर आला की ती उशी पोटाशी धरायची. आणि सगळ्यात जास्त बोलायचे मी. "आमच्या दहावीत अस्संच होतं!" हे माझं ठरलेलं वाक्य.

आता खरं सांगायचं तर मी दहावीच्या वर्गात कधी बसलेच नव्हते. नववी पास झाले त्या जूनमध्ये आई अंथरुणाला खिळली. "दिवाळीनंतर जाशील शाळेत," असं घरात ठरलं, आणि त्यातली नेमकी कुठली दिवाळी हे कुणी सांगितलं नाही. पुढं आई उठली, घर सावरलं, पण तोवर माझं नाव पटावरून गेलं होतं. मग गडचिरोलीकडच्या आमच्या गावातून निघून रेल्वेनं दौंडला उतरले, तिथून शिरूर, शिरूरहून कारेगाव. एका कंपनीत पॅकिंगला लागले. खोली बघायला आले त्या दिवशी काकूंनी दारातच विचारलं, "शिक्षान किती?" आणि माझं तोंड माझ्या आधी बोलून गेलं, "दहावी पास."

"मंग ऱ्हा," काकू म्हणाल्या. "शिकलेली पोरगी खोली नीट ठेवती."

मी खोली इतकी नीट ठेवली की मैत्रीण वैतागली. पण दहावी नुसती सांगून भागत नाही, तिला आठवणी लागतात. माझ्याकडं होत्या त्या नववीपर्यंतच्या. मग मी त्यांनाच एक एक वर्ग वर ढकललं. नववीचे मारकुटे सर दहावीत आणले, नववीची सहल दहावीत नेली. दोन वर्षं हेच सांगत राहिले, आणि सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं.

त्या मालिकेच्या प्रत्येक भागाखाली फोनवर लोक आपली मतं लिहायचे. कुणाला शाळा आठवून रडू आलेलं, कुणाला मास्तरांच्या मिशा खोट्या वाटलेल्या. मीही लिहायचे. नावाच्या जागी गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलेलं, त्यामुळं मैत्रिणीलासुद्धा पत्ता नव्हता. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून मी मतं ठोकायचे आणि कुणी बदामाचं चित्र दिलं की दिवसभर हवेत असायचे.

मग निरोप समारंभाचा भाग आला. दहावीची मुलं छान कपडे घालून खुर्च्यांवर बसलेली, हातात गुलाब, डोळ्यांत पाणी. मला तो भाग अजिबात पटला नाही. मी लिहिलं:

"बाकी छान, पण सेंडऑफ साफ चुकीचा दाखवलाय. दहावीची मुलं अशी खुर्च्यांवर आरामात बसत नसतात. आमच्या सेंडऑफला आम्ही सकाळी सहाला शाळेत हजर. पटांगण झाडलं, सडा टाकला, समोशांच्या पराती घेऊन वाटत फिरलो, आणि शेवटी आमच्या वाट्याला परातीच्या तळाचा चुरा आला. मालिकावाल्यांनी जरा खऱ्या दहावीवाल्यांना विचारायचं होतं."

पाठवलं आणि पॅकिंगला परत गेले.

पुढच्या रविवारी मालिका सुरू व्हायला वेळ होता. मैत्रीण फोन बघता बघता एकदम फिसकन हसली. "काकू, हे ऐका. कोण बाई आहे की, काय लिहिलंय बघा!" आणि तिनं माझं मत खणखणीत आवाजात वाचलं. चुऱ्यापर्यंत.

मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे.

"आता खालची उत्तरं ऐका," ती म्हणाली. "'ताई, खुर्चीवर बसते ती दहावी. परात घेऊन फिरते ती नववी.' 'ताई, तुम्ही कुठल्या वर्गात होतात ते एकदा घरी विचारून या.' 'चुरा खाल्ला म्हणजे नववी पक्की!'"

तेव्हा कुठं मला उमगलं. निरोप समारंभ दहावीला नववी देते! सगळ्या महाराष्ट्रात देते. आमच्या शाळेतही दिला होता, मीच तर दिला होता. पण भाषणं चालू असताना मी मागे नळावर पराती घासत होते. खुर्च्यांवर कोण बसलंय हे मी बघितलंच नव्हतं. मला समारंभ म्हणून आठवत होती ती परात आणि तो चुरा.

काकू हसता हसता थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांपूर्वी लसूण सोलताना हीच गोष्ट मी त्यांना सांगितली होती. सडा, समोसे, चुरा, सगळं.

"असंल बाई एखादीची शाळाच उलटी," काकू सावकाश म्हणाल्या. "काय गं, तुमच्याकडं कसं असतं?"

"आमच्याकडं?" मी म्हणाले. "आमच्याकडं... भजी होती."

"व्हय का," काकू म्हणाल्या. "मागं समोसे व्हते."

मैत्रीण फोनमध्येच होती. "सुरू झालं, सुरू झालं," आबा ओरडले आणि मी वाचले. त्या दिवशी मालिकेत काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. खोली जाईल, काकू सगळ्या गल्लीला सांगतील, मैत्रीण बोलायची बंद होईल, असं मनात एकेक रचत होते. रचण्यात मी पटाईत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीहून आले आणि थेट काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्या मेथी निवडत होत्या.

"काकू, मी नववी आहे."

"ठाव हाय. लसूण सोलतानाच कळलं व्हतं." त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडं सरकवली. "मी वरवंडला शाळेत व्हते तवा दहावीला खुर्चीत बसलीया. वाटनाऱ्या पोरी मला ठाव न्हाईत व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, बघावं कुठवर रेटती. लई मजा येत व्हती."

मी रडायला लागले. त्यांनी मला मेथी भिजवू नको म्हणून सांगितलं.

"खोली सोडू का?"

"खोली काय शाळा हाय का, नाव काढायला? आधी डोळं पूस. सतरा नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून दहावीला बसायला. शिरूरला माझी चुलतबहीन शाळंच्या हापिसात हाय, ती सांगंल कागदं कुठली ते. पर एक अट. तुझ्या मैत्रिणीला तूच सांगायचं. मी न्हाई सांगनार."

ते फॉर्मपेक्षा अवघड होतं. रात्रीचं कशाला, म्हणून चहा पितानाच सांगून टाकलं. मैत्रिणीनं कप खाली ठेवला.

"म्हणजे तो चुरा तू खाल्लास?"

"हो."

"आणि मी तो काकूंना वाचून दाखवला?"

"हो."

ती हसून हसून कॉटवर आडवी झाली. मग उठली आणि रुसली. दोन दिवस माझ्याशी फक्त "सरक" एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बीजगणित कोण शिकवणार तुला? आबा?"

आबांनीही शिकवलं म्हणा. येता जाता पाढे विचारायचे. स्वतः सतराच्या पाढ्याला अडले की मलाच रागवायचे. भावानं गावाहून शाळा सोडल्याचा दाखला पाठवला, फॉर्म भरला, आणि वर्ष त्या बसमधल्या गणितात गेलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी टीव्ही बंद होता. ओसरीत सडा टाकलेला, रांगोळी काढलेली, मधोमध प्लॅस्टिकची एकच खुर्ची. काकूंनी मला तीत बसवलं. हातात गुलाब दिला. आबा प्रमुख पाहुणे. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ही पोरगी अभ्यास कवा करती?" भाषण संपलं.

मग मैत्रीण आतून समोशांची परात घेऊन आली. माझे हात आपोआप पुढं गेले, मी अर्धी उठलेही.

"बस खाली!" काकू ओरडल्या. "उठलीस तर परत नववीत घालीन."

बसले. सगळ्यांत आधी मला वाढलं. मैत्रिणीनं तळाचा चुरा माझ्या देखत मुद्दाम मिटक्या मारत खाल्ला. एवढ्या लांब येऊन ही माणसं मला कशी मिळाली, याचा विचार करायला गेले की अजूनही समोसा घशात अडकतो.

निकाल अजून लागायचा आहे. भूमितीची धाकधूक आहे, एक प्रमेय मी नक्की उलटं लिहिलंय. पण त्या रविवारी संध्याकाळी मी ते जुनं मत शोधून काढलं आणि त्याच्या खाली, गुलाबाच्या फुलाचं चित्र हटवून, स्वतःच्या नावानं उत्तर लिहिलं: "तुम्हा सगळ्यांचं म्हणणं बरोबर आहे. खुर्चीत दहावीच बसते. आज बसून खात्री केली."