फक्त परतीला तापणारी गाडी

हेड उघडलं आणि आतलं गॅस्केट अगदी धडधाकट निघालं.

ज्यांनी बॉनेट फक्त पाणी ओतण्यापुरतं उघडलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, वर हेड. मध्ये पापडासारखं पातळ गॅस्केट. ते फाटलं की इंजिनाला थंड ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, तरी रेडिएटर रिकामा होत राहतो आणि इंजिन तापतं. म्हणून पाणी जातंय पण कुठे जातंय ते कळत नाही, अशी गाडी आली की मेकॅनिक गॅस्केटचं नाव घेतो. मीही घेतलं होतं. चांगलं मोठ्या आवाजात घेतलं होतं.

आता ते गॅस्केट मी उजेडाकडे धरून पाहत होतो. भेग नाही, जळल्याचा डाग नाही.

"क्या हुआ, दातार साब?" मागून बत्राजींचा आवाज आला. बत्राजी म्हणजे वर्कशॉपचे मालक.

"गॅस्केट ठीक है."

"तो फिर खोला क्यों?"

मी गॅस्केट उलटं करून पुन्हा उजेडाकडे धरलं.

गुडगावचे नवे सेक्टर तेव्हा वसत होते. सोसायट्या आधी उभ्या राहिल्या, रस्ते मागून येणार होते. नव्या नव्या मॉडेलच्या गाड्या बाजारात आल्या होत्या आणि बत्राजींनी त्यांच्यासाठी चकचकीत वर्कशॉप टाकलं होतं. मला त्यांनी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून पुण्याहून आणलं होतं. जुन्या गाड्या आम्ही घेत नसू. ही घेतली, कारण गाडीवाले काका मराठी निघाले. "तुम्ही पुण्याचे ना? मग काम पक्कं होणार," असं ते म्हणाले आणि मी तिथेच विरघळलो.

गजभिये काका मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी गुडगावला फ्लॅट घेतला. स्वतःचं घर, मोकळी हवा. वर्षभरात काकूंच्या किडन्या निकामी झाल्या. एक दिवसाआड डायलिसिस आणि तेही दिल्लीच्या हॉस्पिटलात. सोसायटीजवळून बस जात नव्हती. टॅक्सी फोनवर हो म्हणायची आणि यायची नाही. तेव्हा काकूंचा श्वास त्या जुन्या पांढऱ्या गाडीवर चालत होता, असं म्हटलं तर ते फार वाढवून सांगणं होणार नाही.

"जाताना एकदम ठीक राहते जी," काका पहिल्या दिवशी म्हणाले होते. "येतानाच तापते. पाणीही येतानाच कमी होतं."

"येताना काही वेगळं करता का?"

"काय करणार? जातो तसाच येतो. उलट हळू चालवतो, हिला त्रास नको म्हणून."

काकू तेव्हा गाडीतच बसून होत्या. शाल गुंडाळलेली, पाय आखडून घेतलेले. मी त्यांना लांबून नमस्कार केला. गाडीबद्दल त्यांना काय विचारायचं, असं मला वाटलं. गाडी चालवत होते काका.

मग मी पुस्तकाप्रमाणे सगळं केलं. रेडिएटरचं झाकण बदललं. फॅन बेल्ट ताणून पाहिला. वॉटर पंप म्हणजे पाणी फिरवत ठेवणारा पंप, तो कोरडा होता, गळत नव्हता. साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं, म्हणजे कुठे गळलंच तर रंग दिसेल. हातपंपाने आत दाब देऊन ठेवला. दाबाचा काटा जागचा हलला नाही. स्वतः दिल्लीत धौलाकुआंपर्यंत गाडी पळवून आणली. मे महिन्याचं ऊन, खिडक्या उघड्या, तोंडावर लू, म्हणजे तिकडचा भाजणारा उन्हाळी वारा. गाडी तापली नाही. पोहोचल्यावर मी बॉनेटवर थाप मारली, जशी लोक घोड्याच्या मानेवर मारतात.

दुसऱ्याच फेरीला काका परतीच्या वाटेवर थांबले होते. वाफ, तोच प्रकार.

त्या दिवशी रेडिएटरचं तोंड उघडून इंजिन चालू केलं तेव्हा मला दोन-चार बुडबुडे दिसले. गॅस्केट फाटलं की बुडबुडे येतात, हे खरं. नुकतं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवाही तशीच वर येते, हेही खरं, आणि मला ते माहीत होतं. धूर पांढरा नव्हता. ऑइल स्वच्छ होतं, त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. पण मला हवा तो साक्षीदार मिळाला होता, बाकीच्यांना मी घरी पाठवलं.

"काका, हेड उघडावं लागेल. उद्या दुपारी गाडी देतो."

"परवा सकाळी हिचं डायलिसिस आहे."

"म्हणूनच उद्या म्हणतोय. काळजी करू नका."

एकदा काढलेलं गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत. नवं आणायला माणूस दिल्लीला करोल बागेच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेला, तो चुकीच्या मापाचं घेऊन आला. हेड घासून सपाट करायला दिलं होतं त्या कारखान्यात वीज नव्हती. परवाची सकाळ उजाडली तेव्हा गाडी आमच्याकडे उघड्या छातीने पडलेली होती. काका टॅक्सीची वाट पाहत राहिले. टॅक्सी आली नाही. वर्कशॉपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर चार नव्या गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक बत्राजींकडून मागून घ्यावी, हे मला सुचलं नाही. मी गॅस्केटची वाट पाहत होतो.

डायलिसिस चुकलं की शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही. संध्याकाळी काकूंना धाप लागली. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं आणि त्या वाचल्या. काकांनी फोन करून मला एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

बत्राजींनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाड़ी जोड़ो. और अगली बार तुम खुद लेकर जाओ. आना-जाना दोनों."

म्हणून पुढच्या खेपेला मी गेलो. स्टिअरिंगवर मी, शेजारी काकू, मागे काका. काकूंना पुढचीच सीट लागे, पाय सरळ ठेवता येत. जाताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. डायलिसिस झालं. काकू बाहेर आल्या त्या कुडकुडत. रक्त मशीनमधून फिरून आलं की अनेकांना अशी थंडी भरते, हे काकांनी मला जिना उतरताना सांगितलं.

गाडी निघाली. काकांनी खिडक्या वर करायला लावल्या. मग मागून वाकून डॅशबोर्डखालचा एक नॉब ओढला. माझ्या पायांवर गरम वारा आला.

"काका, हे काय?"

"हीटर. हिला लागतो येताना."

मे महिन्यात! दिल्लीत होळीनंतर हीटरला कुणी हात लावत नाही. आणि पुण्यात मी ज्या गॅरेजमध्ये शिकलो, तिथे हीटर या वस्तूला आम्ही मोजतच नव्हतो. गळला तर त्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडायचे आणि विसरायचं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यात जातं, पंखा ती ऊब आत फेकतो. नॉब बंद असेल तर पाणी तिकडे जातच नाही. माझा सगळा तपास नॉब बंद ठेवून झाला होता.

महिपालपूरच्या पुढे काटा वर सरकू लागला. मी गाडी कडेला घेतली आणि काकूंच्या बाजूचं दार उघडलं.

"काकू, पाय जरा उचलता का? खाली बघायचंय."

त्यांनी पाय आणखी आत ओढले. "नको ना, बाप्पा."

"दोनच मिनिटं."

"अरे, ते माझं आहे." त्या हळू बोलल्या, पण मागे काकांना ऐकू गेलं. "पायातून पाणी येतं माझ्या. सूज वाढली की येतं म्हणतात. आमच्या वॉर्डातल्या बाईचं तसंच झालं होतं. ती नाही राहिली."

"काहून नाही सांगितलं मला?" काका म्हणाले.

"सांगून काय करणार होते तुम्ही?"

सीटखाली एक जुना, गडद रंगाचा टॉवेल घडी करून खुपसलेला होता. प्रत्येक परतीला त्या काळे मोजे टिपून घेत होत्या आणि घरी पोहोचायच्या आत टॉवेल पुन्हा लपवत होत्या. पाय ओले होत होते ते फक्त गाडीत, हे त्यांना कळलं नसेल असं नाही. पण भीती बसली की माणूस असा हिशेब करत नाही. मी गॅस्केटच्या बाबतीत भीती नसतानाही केला नव्हता.

मी पांढरा रुमाल चटईवर दाबला. हिरवट झाला. नाकाशी नेला, कूलंटचा गोडसर वास. मी रुमाल त्यांच्यासमोर धरला.

"काकू, हे गाडीचं पाणी आहे. मी भरलेलं. वरून हीटरमधून झिरपत तुमच्या पायांवर येतंय."

"नक्की?"

"नक्की."

"माझं नाही?"

"माणसाचं हिरवं नसतं, काकू."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक पाय पुढे केला, मोजा काढला, आणि पाऊल निरखून पाहिलं. सुजलेलं होतं, पण कातडी सुकी आणि अखंड होती. मग दुसरं पाहिलं. काका गाडीतून उतरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी हीटर बंद केला, इंजिन निवू दिलं, रेडिएटर भरला. उरलेल्या वाटेत काटा हलला नाही. काकूंवर काकांनी स्वतःचा शर्ट काढून पांघरला आणि बनियनवर बसून राहिले.

"बायपास कर दो, दस मिनट का काम है," बत्राजी दुसऱ्या दिवशी म्हणाले. पाइप जोडले असते तर गाडी कायमची बरी झाली असती आणि काकू प्रत्येक परतीला गारठल्या असत्या. "हीटर चाहिए उनको," मी म्हणालो. बत्राजींनी माझ्याकडे पाहिलं आणि करोल बागेत जायला स्वतःची गाडी दिली. या वेळी माप मी घेतलं. तसला हीटर नवा मिळत नव्हता. जुना मिळाला, तो डाग देऊन, म्हणजे झाळून घेतला, रात्रभर पाण्यात दाबाखाली ठेवला, मगच बसवला.

काकू त्यानंतरही काही उन्हाळे त्या सीटवर बसल्या. पुढे काका एकटेच सर्व्हिसिंगला येऊ लागले. बाकी काही सांगत नसत. "तेवढा हीटर बघून घ्या जी," म्हणत. मी बघत असे.

तेव्हापासून टेस्ट ड्राइव्हला मी मालकाला चालवायला लावतो आणि स्वतः आधी शेजारच्या सीटवर, मग मागे बसून येतो. घरचं कुणी बरोबर आलं असेल तर त्यांनाही गाडीत घेतो आणि विचारतो. नव्या पोरांना वाटतं, साहेबांना गाडी चालवता येत नाही. मी त्यांची समजूत घालायला गेलेलो नाही.