शरणप्पाची हलकी जीप

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली. कचेरी थाटली, पाट्या रंगल्या. पावसाला मात्र नव्या जिल्ह्याचा पत्ता कुणी कळवला नसावा. त्यातच रेणापूरपलीकडच्या वाडीत विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. पोहऱ्यानं माणसांपुरतं पाणी निघे, जनावरांपुरतं नाही. लातूरला दुरुस्तीला दिलेलं इंजिन आज आलं नाही तर उद्या सगळी जनावरं सात कोसांवरच्या छावणीला हाकायची, असं ठरलं. शरणप्पाची गाभण गाय तेवढं चालणार नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, शिवगंगेलाही.

शरणप्पा छत्रीवाल्या पलटणीतला निवृत्त हवालदार. चौदा वर्षं त्याचं एकच काम: हलक्या जीपा पट्ट्यांनी आवळून विमानात चढवायच्या. वरून छत्रीनं सोडलेली गाडी खाली धड पोचली की नाही, हे त्याला नंतर दुसरंच कुणीतरी सांगे. आता अडत्या गुरुलिंगअप्पांनी लिलावात घेतलेली तसलीच एक जीप तो चालवी.

लातुरात दुरुस्त झालेलं इंजिन त्यानं जीपमध्ये असं बांधलं की मेकॅनिक बघतच राहिला. पण परतताना रेणा नदीच्या कोरड्या पात्रात जीप आचके देऊन थांबली. शरणप्पानं टाकी उघडली आणि कपाळावर हात मारला. ओझं बांधून झालं की टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल ठेवायचं, हा विमानाचा नियम. हातांनी तो डोक्याला न विचारता पाळला होता, आणि काढलेल्या पेट्रोलचा डबा गॅरेजातच राहिला होता. एवढ्या हुशार माणसानं एवढा गाढवपणा करावा!

वाडी मैलभर दूर. तो चालत गेला आणि खाली मान घालून खरं ते सांगून टाकलं. शेजारचा संगप्पा म्हणाला, "फौज सोडून दोन वर्सं झाली, आन् तू अजून इमानातच हाइस की लेका."

हसतहसतच वीसेक माणसं निघाली, चार बायकाही. शरणप्पानं काच, सीटा, स्टेपनी सगळं उतरवलं.

"वजन लई न्हाई तिला," तो म्हणाला. "मागून उचला आन् पुढं रेटा."

घामाघूम होत त्यांनी ती विहिरीपर्यंत आणली. ऊन कलायच्या आत इंजिन भकभकलं, हौदात पाणी पडलं. गायीनं तोंड घातलं ते वर काढीनाच.

"आता हिला न्यायचं न्हाई ना?" शिवगंगेनं विचारलं.

"न्हाई."

शरणप्पाच्या छातीवरचा दगड उतरला. काच नसलेल्या, धुळीनं माखलेल्या त्या जीपकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. चौदा वर्षं त्यानं गाड्या बांधून दिल्या होत्या. धड पोचलेली ही पहिलीच तो डोळ्यांनी पाहत होता.