दारावर बसणारे आबा

आबांना मतं मागताना आमच्या यावल भागात कुणी कधी ऐकलं नाही. ते नुसते बसत. कुणाकडे मयत झाली की आमच्याकडे माणसं दारावर बसायला जातात; त्या सतरंजीवर आबा ठरलेले. उपरणं मांडीवर, मान खाली, तोंडातून शब्द नाही. निघताना, रिवाजाप्रमाणे, 'येतो' म्हणायचं नाही. एवढ्या भांडवलावर ते दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून गेले.

तिसऱ्या खेपेला समोर एक तरुण भाऊ उभे राहिले. त्यांनी बायकांना साड्या वाटल्या, म्हाताऱ्यांसाठी देवदर्शनाच्या गाड्या काढल्या, आळीगणिक वेगळा सभामंडप कबूल केला. आता आबांचं कसं होणार, या काळजीनं मी, त्यांचा पुतण्या, पुण्यातल्या जाहिरातीच्या नोकरीतून रजा काढून धावत आलो. माझ्याजवळ लॅपटॉप होता, आणि लोकांच्या मनातलं आपल्याला कळतं असा दांडगा समज.

"आबा, गाव तसा फेटा बांधा," मी सुचवलं. "केळीवाल्यांच्या गावात केळीच्या घडाचा हार. जयंती ज्यांची, उपरणं त्यांच्या रंगाचं."

"मले काय पोळ्याचा बैल समजला का रे?" आबा म्हणाले. "लोकं मले जलमापासून वळखतात. शिंगं रंगवून कोणाले फसवू?"

मग मी त्यांच्याच पद्धतीला गती द्यायचं ठरवलं. मयतीची खबर फोनवर मिळवायची आणि विरोधकाच्या आधी आबांना दारावर पोहोचवायचं. एका गावात घरासमोर सतरंजी दिसली, वर टोप्या घातलेली गंभीर माणसं. मी गाडी थांबवली. आबा जाऊन मान खाली घालून बसले. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "आबा, पोरीले पाहाले पावणे आलेत. तुम्ही कोणाकडून?"

आबांनी मान वर केली. "पोरीकडून. पोरीचा बाप लाखात एक माणूस शे, पावणं. जमवून टाका."

आणि जमलं! त्या घरची मतं पक्की झाली. गाडीत बसल्यावर आबा एवढंच म्हणाले, "आता बारशाले नेशील तं आधी पाळणा पाहून घेजो."

एवढ्यावर मी थांबतो कशाला? आबा दारावर बसलेले असताना मी मोबाइलवर फोटो काढत गेलो. वर मोठ्या अक्षरांत 'आपला माणूस, आपल्या दारी', खाली निवडणूक चिन्ह कपबशी. आबांना न विचारता ते फोटो सगळ्या गावांच्या ग्रुपवर सोडून दिले. अंगठे भराभर वर आले. मी खूश.

त्यातल्या एका फोटोत, आबांच्या मागे, नुकताच नवरा गेलेली एक अक्का भिंतीला टेकून बसलेली होती. प्रचारफेरी त्यांच्या घरावरून निघाली तेव्हा अक्का ओट्यावर आल्या. "आबा, त्या दिशी तुम्ही बसले तं बरं वाटलं व्हतं. माणूस आला म्हटलं. तुम्ही तं फोटोले आले व्हते!" आणि दार लावून घेतलं.

आबांनी माझ्या हातातला मोबाइल मागून घेतला, तो फोटो पाहिला आणि परत दिला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांची फेरी मात्र तिथंच संपली. उरलेल्या गावांत त्यांनी पाऊल टाकलं नाही, आणि आबा पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपरणं घेऊन निघाले.

"आता कुठे, आबा? निवडणूक संपली ना!"

"निवडणूक संपली. अक्काचं दार लावेल शे ना अजून."

मीही मागोमाग गेलो. आबा ओट्याखाली, मातीतच बसले. ऊन चढलं. शेवटी कडी वाजली. अक्कांनी आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खिशाकडे.

"आबा, तुम्ही वर या. पाणी देते. ह्या पुणेकराले सडकेवर बसू द्या."

गेलो सडकेवर. ऊन मी म्हणत होतं. सावली तेवढी एकच होती: निवडून आलेल्या भाऊंच्या आभाराच्या फलकाची. तिच्यातच अंग चोरून बसलो आणि ओट्याकडे पाहत राहिलो. दोघं गप्प होते, पण दार उघडं होतं.