मामाच्या मापाची पँट
ओल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला की मला सुरतेतल्या कतारगामचा शिंपी आठवतो, आणि त्याच्यापुढे मला उभा करणारा माझा फुकट्या मामा. त्यानंच मला खानदेशातून तिथं आणून कापडाच्या लूमवर कामाला चिकटवलं होतं. मुलगी पाहायला जायचं म्हणून माझ्या पगारातून पँट शिवायची ठरली. शिंप्यानं माझी कंबर मोजली, तर मामा म्हणाला, "ढिली राहू दे, पोऱ्या भरी जाई," आणि टेप स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळली. शिंपी हसला, "भाई, तंबू हो जाएगा." तंबूच झाला. पट्टा आवळूनही पँट खाली सरकायची. मुलीच्या वडिलांना नमस्कार करायला उठलो, तर माझा एक हात पँट धरण्यातच अडकलेला. ते म्हणाले, "ज्याला पँट सावरत नाही, तो संसार काय सावरणार?" मामानं मान डोलावली, "खरं आहे तुमचं." पुढे दुसरीकडे माझं लग्न जमलं, तेव्हा मांडवात हाच मामा तीच पँट घालून मिरवत होता, आणि त्याला ती अगदी मापात बसली होती. आता माझ्या पँटी बेतशीर शिवलेल्या असतात. तरी चारचौघांत उठताना डावा हात अजून कमरेकडे जातो.