गूळ आणि स्फटिक

सोमवार, १२ जुलै १९४३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. सांगलीतील आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या ओसरीवर मी लावलेला तापमापक पंचाहत्तर अंश फॅरनहाइट दाखवत होता. तो आकडा वहीत उतरवत असताना आदल्या संध्याकाळी नव्याने दाखल झालेली एक मुलगी मला दिसली. ती स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभी होती. आमच्या स्वयंपाकीणबाई गंगूमावशी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"मावशी, न्याहारीला बसू का?" मुलीने विचारले.

"बस की! मला काय इचारतीस? मी काय मामलेदार हाय व्हय?" मावशी धुरातून खेकसल्या.

मुलीने मान लववली आणि मगच ती पाटावर बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे जवळजवळ दोन वर्षे, मावशी खेकसोत वा हसोत, अनुसया कदम विचारल्याशिवाय जेवायला बसली नाही.

ती रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातली. घरी उसाची शेती. वडील आणि चुलत भाऊ फौजेत. तिचा विषय तत्त्वज्ञान. मी साताऱ्याच्या एका वकिलांची मुलगी. माझा विषय रसायन, आणि पहिल्या क्रमांकाची मला इतकी सवय होती की तो माझाच अवयव आहे असे मी समजत असे. मी तिच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी, एवढ्याच कारणावरून तिने मला पहिल्या दिवसापासून 'ताई' आणि 'तुमी' म्हटले. मी तिला 'तू' म्हणत असे, आणि त्यात मला काही वावगे वाटत नसे.

एकदा मावशींनी तिला करपलेली भाकरी वाढली. ती रागाने लाल झाली. मी समोरच बसले होते. दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा दारात हात जोडलेले.

"आज तुझ्या मनात आदर आहे का?" मी विचारले.

"न्हाई. लय राग हाय अजून."

"मग हा नमस्कार खोटा."

"खोटा कशापायी? मन येईल तवा हात जोडू म्हनलं, तर हात तसंच ऱ्हात्याल, ताई. आधी हात जोडायचं. मन मागनं येतंय चालत."

मी हा संवाद एक गंमत म्हणून मैत्रिणींना सांगितला. चार महिन्यांनी तीच गंमत माझ्या अंगाशी आली. आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी दर शनिवारी सर्व शाखांसाठी मानवी संस्कृतीवर व्याख्याने सुरू केली. ते म्हणाले, पाश्चात्त्य विचाराची एक मोठी धारा असे मानते की माणूस आधी असतो. स्वतःच्या बुद्धीसह, स्वतःच्या हक्कांसह, एकटा आणि पुरता. अशी पुरती माणसे एकत्र येऊन करार करतात, त्यातून समाज आणि संस्कृती घडते. चिनी आचार्य कन्फ्यूशियस यांच्या परंपरेत क्रम उलटा आहे. तिथे माणूस कच्चा जन्मतो. तो कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी धाकटी बहीण, कुणाचा तरी शेजारी होत होत, ठरलेले आचार पाळत पाळत माणूस बनतो. सरांनी त्या परंपरेतील, आईवडील गेल्यावर पाळायच्या तीन वर्षांच्या दुखवट्याबद्दलही सांगितले. तीन वर्षांत किती प्रयोग होऊ शकतात याचा हिशेब मी तिथल्या तिथे करून दाखवला आणि वर्ग हसला. अनुसया हसली नाही.

सरांनी उदाहरणे मागितली. मी उभी राहून म्हणाले : संपृक्त द्रावण हलवू नका, स्पर्श करू नका, त्याला स्वस्थ राहू द्या. स्फटिक आपल्याच आतल्या नियमाने आकार घेतो. माणसाचेही तसेच आहे, त्याला मोकळे सोडा. सरांनी "वा!" म्हटले. मी बसणार, तोच मागून आवाज आला.

"सर, आमच्याकडं गूळ करत्यात."

वर्गात खसखस पिकली. अनुसया थांबली नाही. उसाचा रस काहिलीत नुसता सोडून दिला तर तो गूळ होत नाही, आंबतो. गुळव्या तो उकळतो, वर आलेली मळी काढतो, ढवळतो, आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतो. गोडी रसातलीच, गुळव्याने बाहेरून घातलेली नाही. पण त्याच्या हाताशिवाय तिला रूप नाही. "त्यो हात म्हंजी आचार, सर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, "आन ताई, तुमच्या स्फटिकालाबी भांडं लागतंयच की."

सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : गूळ.

त्या दिवसापासून मी तिचा मत्सर करू लागले. दुसरा शब्द वापरता आला असता. तो अचूक ठरला नसता. तो मत्सरही मी शास्त्रीय पद्धतीने केला. सतरा दिवस मी तिच्या वाचनाच्या वेळा नोंदवल्या. सरासरी माझ्यापेक्षा दीड तासाने कमी भरली. वाचता वाचता ती मुलींच्या वेण्या घालत असे, मावशींची मेथी निवडत असे. तरी सहामाहीत सर्व शाखांतील सर्वोत्तम निबंध तिचा होता. याचे मला एकही समाधानकारक कारण सापडले नाही. तिच्या 'व्हय'ला आणि 'न्हाई'ला हसणाऱ्यांत मी नसे, असे मला लिहिता आले असते तर बरे झाले असते.

शेवटच्या वर्षी, १९४५च्या आरंभी, एका विश्वस्त निधीने महाविद्यालयातील एका मुलीला पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. एकच जागा, कोणतीही शाखा. निवडीसाठी निबंध : मानवी संस्कृतीविषयी चिनी आणि पाश्चात्त्य दृष्टी. त्यानंतर मुलाखत. मला ती शिष्यवृत्ती हवी होती, कारण ती मिळाली नाही तर मे महिन्यात माझे लग्न, हे वडिलांनी सांगून टाकले होते. अनुसयेलाही ती हवी होती. तिला मुंबईला जाऊन संशोधन करायचे होते, आणि तिच्या थोरल्या चुलत्यांच्या मते ती आधीच गरजेपेक्षा जास्त शिकली होती. याच चुलत्यांनी एकदा तिची पुस्तकांची ट्रंक अंगणात फेकली होती.

निबंधांतून दोघी उरलो : ती आणि मी. मुलाखतीला नऊ दिवस असताना ते चुलते वारले आणि ती गावी गेली. मुलाखत सोमवारी होती. निवड समिती बाहेरगावाहून एका दिवसासाठी येणार होती. तारीख बदलणे अशक्य होते. रविवारी पहाटे सरांनी मला गाडीत बसवून दिले. "तुम्ही तिच्या मैत्रीण आहात," ते म्हणाले. "कसेही करून तिला घेऊन या. परतीची गाडी चारची आहे."

मी तिच्या घरी पोचले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे होती. सोप्यात घोंगडीवर तिच्या विधवा चुलती बसल्या होत्या, शेजारी अनुसया. दुखवट्याला बायका येत होत्या. प्रत्येक बाई उंबऱ्यातून आत आली की अनुसया उठे, तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडे, मग डोळे पुसून तिला पाणी देई. मी मोजले. माझ्या समोर ती पाच वेळा रडली.

मला पाहून ती परसात आली. मी निरोप सांगितला.

"आज कितवा दिस?" तिने विचारले.

"नववा."

"मग चार ऱ्हायलं. तेरावा झाल्याबिगर न्हाई यायची मी."

"तुला त्यांच्याबद्दल दुःख आहे का?"

"न्हाई," ती सरळ म्हणाली.

"मग हे रडणे कशासाठी? आयुष्य तुझे आहे, अनुसया. त्यांनी तुझी पुस्तके फेकली होती."

"फेकली हुती. पन चुलती एकली रडंल न्हवं? बाया येत्यात, तिला हर खेपंला पयल्यापास्नं रडाया लागतंय. जोडीला कुनी असलं की तिचं निम्मं होतंय. पोरगं न्हाई हितं, सगळी लढाईवर. मीच हाय." मग ती म्हणाली, "मला ती जागा नगं असं न्हाई, ताई. लय पायजे. रातभर त्योच इचार हाय डोक्यात."

हे म्हणताना ती रडू लागली. ते रडणे आचाराचे नव्हते. तिला थोडे आणखी ढकलले असते, चुलतींशी मी बोलले असते, शेजारच्या एखाद्या बाईला चार दिवस सोबत बसायला विनवले असते, तर ती आली असती असे मला त्या वेळीही वाटले आणि आजही वाटते. पण मी म्हणाले, "तुझा निर्णय पक्का असेल तर मी काय बोलणार?"

तिने वाकून मला नमस्कार केला. सात महिन्यांनी मोठी म्हणून. "दमला असाल. भाकरी खाऊन जावा," ती म्हणाली. मी ती खाल्ली. मग तीन तास स्टेशनावर बसून राहिले.

शिष्यवृत्ती मला मिळाली. त्या बळावर मी आज दूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते, आणि माझे स्फटिक चांगले वाढतात. अनुसया रहिमतपुरात मुलींच्या शाळेत शिकवते. तिच्या विद्यार्थिनी तिला सोडून दुसऱ्या कुणाचे नाव घेत नाहीत, असे मला तिकडून आलेल्या एकीने सांगितले. ते ऐकूनही मला पूर्वीसारखेच टोचले. जिची जागा मी घेतली तिचाच हेवा वाटत राहावा, याची उपपत्ती मला अजून लावता आलेली नाही.

मुलाखतीच्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर सरांनी मला बाजूला घेतले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"समजावलेत ना तिला?"

"हो, सर."

"बराच वेळ?"

"पुष्कळ वेळ," मी म्हणाले.

त्या रविवारची नोंद माझ्या वहीत आहे. पोचले, अकरा पन्नास. परसात बोलणे सुरू, बारा वाजून बावीस. नमस्कार, बारा वाजून सव्वीस. खाली एक रेघ, आणि वजाबाकी करून लिहिलेला आकडा : चार मिनिटे.