होडीचं नाव विचारणारे आजोबा

ऑफिसात सगळे तिला राखणदारीण म्हणत. गेम बनवणारे पाच जण, आणि तो खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपची राखण करणारी ती एकटी. गेम साधा. होडी बांधायची, तिला नाव द्यायचं, बेटं शोधत फिरायचं. पण ग्रुपमध्ये चाळीस हजार माणसं, म्हणजे एक अख्खं गावच; आणि गाव म्हटलं की रुसवेफुगवे आले, उखाळ्यापाखाळ्या आल्या. तिची आई म्हणायची, "लोक शिव्या फुकट खातात, तू पगार घेऊन खातेस. प्रगती आहे."

तिची एक रीत होती. रागावलेल्यांना तासभर बोलू द्यायचं, एकूण एक ओळ वाचायची, आणि पहिलं उत्तर सगळ्यांत हळू बोलणाऱ्याला द्यायचं. सहा वर्षं या रितीवर ग्रुप टिकला होता. त्यावर, आणि आजोबांवर.

आजोबा म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले मदतनीस. पगार नाही, पद नाही. पण रोज सकाळी सात वाजता ग्रुपच्या दाराशी हजर. कुणी नवखा बिचकत आत आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "होडीचं नाव काय ठेवलंत?" तेवढ्यानं माणूस मोकळा व्हायचा.

मंगळवारी नवं अपडेट आलं आणि लोकांच्या होड्या पुसून गेल्या. कुणाची दोन वर्षांची, कुणाची चार. ग्रुप पेटला. ती शांतपणे वाचत बसली होती, तेवढ्यात गेमचा कर्ताकरविता, ज्याला सगळे दादा म्हणत, स्वतःच आत उतरला आणि लिहून आला, 'गेम घेतलात, मला नाही विकत घेतलंत!' आगीत तेल. दुपारपर्यंत कुणीतरी गेमची चित्रं काढणाऱ्या मुलीबद्दल एक घाण वाक्य लिहिलं आणि बघता बघता ते शेकडो ठिकाणी उमटलं. ती मुलगी उठली, बाथरूममध्ये गेली आणि बाहेरच येईना.

"ते वाक्य ज्यानं ज्यानं लिहिलंय त्याला हाकल," दादा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"वाचून काढते रे. तासभर दे."

"तासभर? ती आत रडतेय, तुला ऐकू येत नाही?"

ऐकू येत होतं. तिनं वाक्य शोधायला घातलं, सगळी नावं एकदम निवडली आणि बटण दाबलं. चारशे बारा जण बाहेर. प्रत्येकाला आपोआप पत्र गेलं, 'असभ्य वर्तनाबद्दल आपल्याला कायमचे काढण्यात येत आहे.'

यादी तिनं मग वाचली. अकरा जण ग्रुपमध्ये बिनपगारी हातभार लावणारे तिचे स्वतःचे मदतनीस होते. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं वर ठेवून खाली खडसावलं होतं, "हे लिहिताना लाज नाही वाटली?" यंत्राला वरची ओळ दिसली होती, खालची नाही. सगळ्यांत पहिलं खडसावणं आजोबांचं होतं.

तिनं माफी मागितल्यावर दहा जण परतले. आजोबांना माफीची तीन पत्रं गेली, एकही उघडलं गेलं नाही. शेवटी गेल्या वर्षी मदतनिसांना पाठवलेल्या टी-शर्टांच्या यादीत त्यांचा पत्ता सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन जिने चढून त्यांच्या दारात उभी राहिली.

दार सुनेनं उघडलं आणि ग्रुपचं नाव ऐकून म्हणाली, "तुम्हीच का त्या? या. काल नातवानं ते काढून टाकल्याचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे आजोबा गुंड निघाले म्हणून हसत सुटला. मामंजींनी तेव्हापासून कॉम्प्युटर उघडलेला नाही."

आजोबा खिडकीशी बसले होते. कॉम्प्युटरवर टॉवेल अंथरलेला.

"आजोबा, चूक माझी आहे. तुमचं नाव परत घातलंय. फक्त एकदा उघडून बघा."

"पोरी, पाठवायच्या आधी तू वाचलं होतंस का, मी काय लिहिलंय ते?"

"नाही."

"चाळीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या मी. आत काय आहे ते बघितल्याशिवाय एक नाही चिकटवली. तू चिकटवलीस."

"रागवा, ओरडा. पण परत या. तुमच्याशिवाय मला नाही जमणार हो."

"रागवायला काय, रागावलो असतो तर आलोही असतो." त्यांनी टेबलावरची वही तिच्यापुढे सरकवली. रकाने आखलेले. कोण आलं, कुठं अडलं, होडीचं नाव काय. "ही ने. सकाळची माणसं घाबरलेली असतात. पटकन उत्तर देत जा."

सुनेनं चहा विचारला. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि वही घेऊन निघाली.

जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर तिनं फोन उघडला. सात वाजून चाळीस मिनिटं. चौघे नवीन आत येऊन थांबले होते. एकानं लिहिलं होतं, "कुणी आहे का?" पायरीवर बसून तिनं टाईप केलं, "होडीचं नाव काय ठेवलंत?"

उत्तर लगेच आलं. "तुम्हीच ना आजोबा? बहिणीनं सांगितलं होतं, तुम्ही हेच विचारता."

वही मांडीवर उघडी होती. तिनं फोनवर 'नाही' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. वर सुनेनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. पडद्यावर तो नवखा अजून वाट बघत होता.